कोड-फाइलचा डिफॉल्ट एडिटर टिकत का नाही? विंडोज, मॅक आणि लिनक्सवरचे उपाय

तक्रार साधारण अशी असते: ‘.पीवाय’ फाइलवर राइट-क्लिक करून एडिटर निवडला, ‘नेहमी यातच उघड’ असंही सांगितलं, चार दिवस सुरळीत गेले. मग कुठलं तरी अपडेट आलं किंवा नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या कुणाचा एडिटर यादीत येतच नाही. तिसऱ्याकडे डबल-क्लिक केल्यावर काळी खिडकी लुकलुकते आणि गायब होते. टाइपस्क्रिप्टची ‘.टीएस’ फाइल व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडणं हा तर नेहमीचाच प्रकार.

गोम अशी की कोणती फाइल कशात उघडायची याची नोंद एडिटरकडे नसतेच. ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते, आणि तिथेही एका जागी नसते. दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या नोंदी असतात आणि त्यांत कुणाचं चालणार हा क्रम ठरलेला असतो. वरची नोंद जागेवर असेपर्यंत खालची कितीही वेळा बदला, फरक पडत नाही. त्यामुळे आधी कुणाचं चालतंय ते शोधायचं आणि मगच बदल करायचा.

(आज्ञा, फाइलींची नावं आणि रजिस्ट्रीचे, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातले, पत्ते इथे देवनागरीत दिले आहेत, मशीनवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.)

डबल-क्लिकसाठी एडिटर कोणता?

रोज ज्यात काम करता तो आयडीई (कोड लिहिणं, चालवणं, तपासणं एकत्र देणारं मोठं साधन) डबल-क्लिकला जोडायची घाई करू नका. व्हिज्युअल स्टुडिओ, इंटेलिजे, एक्सकोड ही प्रोजेक्ट उघडून काम करण्याची साधनं आहेत. एकच ‘.एच’ फाइल डोळ्यांखालून घालायची असताना आख्खा आयडीई जागा होतो, त्यात वेळ जातो आणि फाइल प्रोजेक्टविना उघडल्यामुळे आयडीईचे निम्मे फायदेही मिळत नाहीत. प्रोजेक्ट आयडीईतूनच उघडा, सुट्या फाइलीसाठी हलका एडिटर ठेवा. विंडोजवर नोटपॅड++, मॅकवर बीबीएडिट, लिनक्सवर केट किंवा ग्नोम टेक्स्ट एडिटर पुरेसा आहे. व्हीएस कोड या दोहोंच्या मध्ये बसतो. मशीनमध्ये ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर तो एकटाही दोन्ही कामं करेल.

वेगापेक्षाही महत्त्वाची अट म्हणजे एडिटरने फाइलीला न विचारता हात लावू नये. ओळीच्या शेवटची खूण, म्हणजे एलएफ किंवा सीआरएलएफ, जशी आली तशी राहायला हवी. शेल स्क्रिप्टमध्ये (टर्मिनलच्या आज्ञांच्या फाइलीत) सीआरएलएफ घुसलं की लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ची चूक येते आणि नावापुढे ‘^एम’ दिसतं. दुसरी गोष्ट एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीची. कॉमेंट किंवा स्ट्रिंग मराठीत लिहिणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. फाइल बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) नसलेल्या यूटीएफ-८ मध्ये ठेवणं जवळजवळ सगळीकडे योग्य. अपवाद विंडोज पॉवरशेल ५.१ चा: बीओएम नसेल तर तो फाइल जुन्या कोडपेजने वाचतो आणि मराठी स्ट्रिंगचा कचरा होतो. ‘.पीएस१’ फाइल तेवढी बीओएमसह सेव्ह करा. शेल स्क्रिप्टला मात्र चुकूनही बीओएम लावू नका. ‘#!’ ही फाइलीतली पहिली दोन बाइट असावी लागतात, आणि बीओएम नेमका त्यांच्या आधी येऊन बसतो.

विंडोजचं साधं नोटपॅड पूर्वी एलएफ ओळखत नसे, अख्खी फाइल एका लांबलचक ओळीत दिसायची. २०१८ च्या विंडोज १० आवृत्ती १८०९ पासून ते सुधारलं. वर्ड मात्र कोडसाठी कधीच नाही: सरळ अवतरणचिन्हं वळवून ठेवतो आणि मग कंपायलर रडतो.

विंडोज: नोंद नेमकी कुठे असते

सर्वात वर असते वापरकर्त्याची स्वतःची निवड. रजिस्ट्रीत ती ‘एचकी_करंट_युझर\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्जन\एक्सप्लोरर\फाइलएक्स्ट्स\.पीवाय\युझरचॉइस’ इथे सापडते. आत ‘प्रोगआयडी’ (निवडलेल्या प्रोग्रॅमची ओळख) आणि ‘हॅश’ (त्या निवडीची पडताळणी करणारा मजकूर) अशा दोन गोष्टी. हा हॅश विंडोज ८ पासून आला. कुठल्याही प्रोग्रॅमने परस्पर स्वतःला डिफॉल्ट करून घेऊ नये म्हणून विंडोज निवडीवर जणू शिक्का मारून ठेवतं. कुणी नुसता प्रोगआयडी बदलला की शिक्का जुळत नाही, विंडोज ती निवड रद्द करतं आणि ‘अ‍ॅप डिफॉल्ट रिसेट झालं’ अशी सूचना दाखवतं.

निवड पुन्हा पुन्हा उडते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. एखादं ‘ट्वीकर’ सॉफ्टवेअर, जुनी ‘.आरईजी’ फाइल किंवा एडिटरच्या स्वतःच्या सेटिंग्जमधली ‘फाइल असोसिएशन’ची खिडकी रजिस्ट्रीत थेट लिहिते आणि विंडोज ते पुसून टाकतं. जुन्या मार्गदर्शकांमधल्या ‘असॉक’ आणि ‘एफटाइप’ या आज्ञांची कथाही तीच. त्या सगळ्या मशीनसाठीची खालची नोंद बदलतात, युझरचॉइसला स्पर्श करत नाहीत. म्हणून ‘असॉक’ बरोबर उत्तर देतो आणि डबल-क्लिक मात्र भलतीकडेच जातो.

त्यामुळे बदल विंडोजच्याच खिडकीतून करा. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ इथे जा आणि वरच्या चौकटीत बिंदूसकट ‘.पीवाय’ टाइप करा. आत्ताचं अ‍ॅप दिसेल, त्यावर क्लिक करून नवं निवडा. विंडोज १० मध्ये त्याच पानाच्या तळाशी ‘फाइलच्या प्रकारानुसार’ अशी लिंक आहे. राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, ‘दुसरं अ‍ॅप निवडा’ हा रस्ताही तिथेच पोचतो. फक्त विंडोज ११ मध्ये ‘ऑलवेज’ हे बटण दाबा, ‘जस्ट वन्स’ नव्हे, आणि विंडोज १० मध्ये खालच्या चौकोनात खूण करा.

नव्या सॉफ्टवेअरने त्याच एक्स्टेन्शनसाठी नाव नोंदवलं तर पुढच्या डबल-क्लिकला विंडोज पुन्हा विचारतं. घाईत एंटर मारला की निवड गेली. हा बिघाड नाही, ती खिडकी नीट वाचून जुनाच एडिटर ठेवायचा.

एडिटर यादीत येतच नाही

हा सर्वात चिवट प्रकार. ‘या पीसीवर दुसरं अ‍ॅप शोधा’ म्हणून ‘कोड.ईएक्सई’ दाखवता, खिडकी बंद होते आणि काहीच घडत नाही. चूक सांगणारा संदेशही येत नाही.

कारण बहुधा मेलेला पत्ता. व्हीएस कोडचे दोन इन्स्टॉलर आहेत. ‘युझर’ इन्स्टॉलर वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा\लोकल\प्रोग्रॅम्स’ फोल्डरमध्ये जातो, ‘सिस्टिम’ इन्स्टॉलर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये. एक काढून दुसरा टाकला की रजिस्ट्रीत जुना पत्ता उरू शकतो. विंडोज एडिटर ओळखतं फाइलीच्या नावाने. ‘कोड.ईएक्सई’ या नावाची नोंद आधीच असल्यामुळे नवा पत्ता लिहिला जात नाही, आणि जुन्या पत्त्यावर काही नसल्यामुळे यादीत ते दाखवलं जात नाही. पोर्टेबल नोटपॅड++ एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवलं की अगदी हेच होतं.

उपाय: ‘रेजएडिट’ उघडा आणि ‘एचकी_करंट_युझर\सॉफ्टवेअर\क्लासेस\अ‍ॅप्लिकेशन्स\कोड.ईएक्सई\शेल\ओपन\कमांड’ इथे जा. ‘डिफॉल्ट’ या ओळीतला पत्ता खरोखर अस्तित्वात आहे का ते एक्सप्लोररमध्ये चिकटवून पाहा. नसेल तर आधी ‘फाइल’, ‘एक्सपोर्ट’ करून प्रत ठेवा, मग ‘कोड.ईएक्सई’ ही सबंध की काढून टाका आणि पुन्हा ‘ओपन विथ’मधून एडिटर दाखवा. नोंद नव्याने तयार होते. की काढण्याऐवजी पत्ता हाताने दुरुस्त केलात तर अवतरणचिन्हांकडे लक्ष द्या. एडिटरचा पत्ता वेगळ्या अवतरणात आणि ‘%१’ वेगळ्या अवतरणात हवा. ‘%१’ भोवतीची चिन्हं लावायची राहून गेली की ‘माय प्रोजेक्ट्स’ फोल्डरमधली फाइल उघडताना एडिटर दोन रिकाम्या टॅब उघडतो, कारण त्याने जागा सोडलेल्या ठिकाणी पत्ता तोडलेला असतो.

गिटहबने अ‍ॅटम हा एडिटर १५ डिसेंबर २०२२ ला बंद केला, तरी त्याच्या अशा नोंदी जुन्या मशीनवर अजून सापडतात. तपासताना त्याही साफ करा.

याने भागलं नाही तर ‘फाइलएक्स्ट्स’खालची ‘.पीवाय’ ही की काढा. विंडोज काढू देत नसेल तर ‘युझरचॉइस’वर राइट-क्लिक करून ‘परमिशन्स’मधली ‘डिनाय’ची ओळ आधी हटवावी लागते. मग टास्क मॅनेजरमधून ‘विंडोज एक्सप्लोरर’ रिस्टार्ट करा आणि सेटिंग्जमधून नव्याने निवडा.

एडिटर यादीत आहे, निवडलेलाही आहे, तरी डबल-क्लिकने काही उघडत नाही? मग तो आधीच ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून’ चालू आहे का ते बघा. साध्या अधिकाराने आलेल्या फाइलीला ती खिडकी दाद देत नाही. व्हीएस कोड निदान तसा संदेश तरी देतो. सगळ्या खिडक्या बंद करून साध्या पद्धतीने उघडा, आणि शॉर्टकटच्या ‘कंपॅटिबिलिटी’ टॅबमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची खूण असेल तर ती काढा.

धावणाऱ्या फाइली

पायथन टाकलं की ‘.पीवाय’ फाइल पायथन लाँचरला जोडली जाते. डबल-क्लिक म्हणजे फाइल उघडणं नव्हे, चालवणं. काम संपताच खिडकी मिटते, म्हणून ती लुकलुकलेली दिसते. शिकणाऱ्याने ‘.पीवाय’ एडिटरला जोडावी आणि टर्मिनलमधून ‘पीवाय’ या आज्ञेने चालवावी. म्हणजे चूक सांगणारा संदेशही वाचता येतो.

‘.जेएस’ची गोष्ट याहून गंभीर आहे. कोऱ्या विंडोजवर ‘.जेएस’वर डबल-क्लिक केलं तर ती ब्राउझरमध्ये जात नाही, विंडोज स्क्रिप्ट होस्टमध्ये चालते, आणि तिथे तिला फाइली बदलण्यापासून प्रोग्रॅम सुरू करण्यापर्यंत सगळी मुभा असते. ईमेलमधून ‘बिल’ म्हणून आलेली ‘.जेएस’ फाइल याच वाटेने घरात शिरते. कोड लिहीत असा वा नसा, ‘.जेएस’, ‘.जेएसई’, ‘.व्हीबीएस’ आणि ‘.डब्ल्यूएसएफ’ नोटपॅडला जोडून टाका. कार्यालयात जुन्या व्हीबीएस स्क्रिप्ट डबल-क्लिकने चालवल्या जात असतील तर तेवढं आधी विचारून घ्या.

‘.बॅट’ आणि ‘.सीएमडी’ यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्या एडिटरला जोडल्या की कितीतरी इन्स्टॉलर आणि शॉर्टकट मोडतात. त्यांच्या राइट-क्लिकमध्ये ‘एडिट’ हा वेगळा पर्याय असतोच. तो नोटपॅडऐवजी आपल्या एडिटरकडे वळवायचा असेल तर ‘एचकी_करंट_युझर\सॉफ्टवेअर\क्लासेस\बॅटफाइल\शेल\एडिट\कमांड’ ही की तयार करून त्यात पत्ता लिहा. ‘.सीएमडी’साठी ‘सीएमडीफाइल’, ‘.आरईजी’साठी ‘आरईजीफाइल’.

एक्स्टेन्शन लपवलेली असतील तर वरचं सगळं आंधळ्या कोशिंबिरीसारखं होतं. एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. ‘चाचणी.पीवाय’ म्हणून दिसणारी फाइल खरं तर ‘चाचणी.पीवाय.टीएक्सटी’ निघाली तर डिफॉल्ट तपासायची गरजच उरत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस मशीनवर हे हाताने करणं वेडेपणा आहे. एका मशीनवर मनासारखं लावून विंडोजच्या ‘डीआयएसएम’ या आज्ञेच्या ‘एक्सपोर्ट-डिफॉल्टअ‍ॅपअसोसिएशन्स’ने एक्सएमएल फाइल काढा. ‘इम्पोर्ट’ केल्यास ती फक्त नव्या वापरकर्त्यांना लागू होते, जुन्या प्रोफाइलला नाही. इथेच बहुतेकांचा वेळ जातो. डोमेनला (संस्थेच्या मध्यवर्ती नियंत्रणाला) जोडलेल्या मशीनवर ग्रुप पॉलिसीतून तीच फाइल दिली तर ती प्रत्येक लॉगिनला लागू होते. आणि रीस्टार्टला मशीन मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर असेल तर बदल करण्याआधी ते तात्पुरतं बंद करायला विसरू नका.

मॅक

मॅकवर घोळ बहुधा एकाच बटणाचा. फाइंडरमध्ये फाइल निवडून कमांड-आय दाबलं, ‘ओपन विथ’मध्ये एडिटर निवडला आणि खिडकी बंद केली, तर बदल त्या एका फाइलीपुरताच. खालचं ‘चेंज ऑल’ दाबलं तरच तो त्या प्रकारच्या सगळ्या फाइलींना लागू होतो. ऑप्शन की दाबून राइट-क्लिक केल्यावर येणारं ‘ऑलवेज ओपन विथ’ नावावरून सगळ्यांसाठी वाटतं, पण तेही त्याच फाइलीपुरतं.

उलटही होतं: ‘चेंज ऑल’ करूनही दोन-चार हट्टी फाइली जुन्याच एडिटरमध्ये उघडतात. त्यांच्यावर आधीची एकेकट्याची निवड चिकटलेली असते. टर्मिनलमध्ये ‘एक्सअ‍ॅटर’ या आज्ञेला फाइलीचं नाव द्या, यादीत ‘कॉम.अ‍ॅपल.लाँचसर्व्हिसेस.ओपनविथ’ दिसलं तर ‘एक्सअ‍ॅटर -डी’ने ते काढा.

एक्सकोड टाकल्यावर ‘.सी’, ‘.एच’, ‘.पीवाय’ अशा बऱ्याच प्रकारांवर तो हक्क सांगतो. एकेक एक्स्टेन्शन सोडवत बसण्यापेक्षा होमब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर टाकण्याचं साधन) ‘डीयूटीआय’ हे छोटं साधन घ्या. ‘डीयूटीआय -एस’नंतर एडिटरची ओळख, मग फाइलीचा प्रकार आणि शेवटी ‘ऑल’ अशी त्याची रचना. उदाहरणार्थ बीबीएडिटची ओळख ‘कॉम.बेअरबोन्स.बीबीएडिट’ आणि पायथनचा प्रकार ‘पब्लिक.पायथन-स्क्रिप्ट’. फाइलीचा प्रकार माहीत नसेल तर ‘एमडीएलएस -नेम केएमडीआयटेमकंटेंटटाइप’ला फाइलीचं नाव द्या. ‘.टीएस’वर हे चालवलं की ‘एमपीईजी-२ ट्रान्सपोर्ट स्ट्रीम’ असं उत्तर येतं, आणि ती क्विकटाइममध्ये का उघडते याचा उलगडा होतो. तिच्यासाठी डीयूटीआयला हाच प्रकार द्यायचा, खऱ्या ‘.टीएस’ व्हिडिओ फाइली असतील तर त्या डबल-क्लिकने प्लेअरमध्ये उघडण्यावर पाणी सोडावं लागेल.

एक्स्टेन्शन नसलेली आणि चालवण्याची परवानगी असलेली स्क्रिप्ट मॅक टर्मिनलकडे पाठवतो. तिला एडिटर जोडायच्या भानगडीत न पडता फाइल डॉकमधल्या एडिटरच्या आयकॉनवर ओढून टाका.

लिनक्स

इथे एक्स्टेन्शनपेक्षा माइम-प्रकार (‘टेक्स्ट/प्लेन’सारखं फाइलीच्या प्रकाराचं नाव) मोठा. तीन आज्ञांत निदान होतं. ‘एक्सडीजी-माइम क्वेरी फाइलटाइप’ला फाइल द्या, प्रकार कळेल. पायथनसाठी तो बहुधा ‘टेक्स्ट/एक्स-पायथन’ येतो, कधी पहिल्या ओळीवरून ‘पायथन३’ही दिसू शकतो. मग ‘एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट’ला तो प्रकार द्या, कोणतं अ‍ॅप ठरलंय ते कळेल. आणि ‘एक्सडीजी-माइम डिफॉल्ट’ला एडिटरच्या ‘.डेस्कटॉप’ फाइलीचं (लिनक्सला प्रोग्रॅमची माहिती देणारी फाइल) नाव व माइम-प्रकार दिला की बदल झाला.

‘टेक्स्ट/प्लेन’ एडिटरला जोडलं, तरी ‘.पीवाय’ आयडलमध्येच (पायथनसोबतचा एडिटर) उघडते, हा नेहमीचा प्रश्न. पायथनचा प्रकार हा साध्या मजकुराचा पोटप्रकार मानला जातो, आणि पोटप्रकारावर कुणीच हक्क सांगितला नसेल तेव्हाच गाडी ‘टेक्स्ट/प्लेन’वर येते. आयडल स्वतःच्या डेस्कटॉप फाइलीत थेट ‘टेक्स्ट/एक्स-पायथन’ मागतो, त्यामुळे जिंकतो. प्रत्येक भाषेचा प्रकार वेगळा जोडावा लागतो. आठ-दहा भाषा असतील तर ‘~/.कॉन्फिग/माइमअ‍ॅप्स.लिस्ट’ उघडून ‘डिफॉल्ट अ‍ॅप्लिकेशन्स’ या मथळ्याखाली ओळी लिहिणं सोपं.

नाव चुकलं तर कुणी काही बोलत नाही, नोंद नुसती दुर्लक्षित होते. डेब, स्नॅप आणि फ्लॅटपॅक या लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकण्याच्या वेगवेगळ्या पद्धती. डेबमधून आलेल्या व्हीएस कोडचं नाव ‘कोड.डेस्कटॉप’, स्नॅपमधलं ‘कोड_कोड.डेस्कटॉप’, फ्लॅटपॅकचं ‘कॉम.व्हिज्युअलस्टुडिओ.कोड.डेस्कटॉप’. स्नॅप काढून डेब घातलं की यादीतलं जुनं नाव फुकट जातं. उबुंटूने २२.१० मध्ये जीएडिटच्या जागी ग्नोम टेक्स्ट एडिटर आणला, तेव्हा जीएडिटच्या नावाने लिहिलेल्या नोंदींचंही तेच होतं. ‘माइमअ‍ॅप्स.लिस्ट’च्या आधी ‘ग्नोम-’ किंवा ‘केडीई-’ असं लावलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये असेल तर तिचं आधी चालतं, हेही तपासा. एडिटरची डेस्कटॉप फाइल स्वतः लिहिली असेल तर ‘एक्झेक’च्या ओळीत शेवटी ‘%एफ’ हवंच. नाहीतर एडिटर उघडतो, पण रिकामा.

व्हीएस कोडच्या काही आवृत्त्या फोल्डरवरही हक्क सांगत. ब्राउझरमधून ‘फोल्डर दाखवा’ म्हटलं की व्हीएस कोड उघडतो, तो यामुळे. ‘आयनोड/डिरेक्टरी’ हा प्रकार ‘ऑर्ग.ग्नोम.नॉटिलस.डेस्कटॉप’ला परत द्या.

टर्मिनलचा एडिटर वेगळाच

डबल-क्लिकचं सगळं नीट बसलं तरी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट करताना व्हिमच उघडतो, कारण गिटला माइम किंवा युझरचॉइसशी काही देणंघेणं नाही. तो आधी ‘गिट_एडिटर’ हे व्हेरिएबल पाहतो, मग ‘कोअर.एडिटर’ हे सेटिंग, मग ‘व्हिज्युअल’, मग ‘एडिटर’, आणि यांतलं काहीच नसेल तर व्हीआय. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर’ला ‘कोड --वेट’ द्या. ‘--वेट’ विसरलात तर आज्ञा लगेच परतते, गिटला संदेश कोरा दिसतो आणि कमिट रद्द होतो.

डेबियन आणि उबुंटूवर ‘क्रॉनटॅब -ई’चा एडिटर ‘सिलेक्ट-एडिटर’ने बदलतो, पण ‘व्हिसुडो’सारख्या आज्ञा ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग एडिटर’ने ठरवलेला घेतात. सुडो (रूट म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा) आपलं ‘एडिटर’ व्हेरिएबल सहसा पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे ते नुसतं बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग्जच्या फाइलीत लिहून तिथे काम होत नाही. या जागी नॅनो किंवा व्हिमच ठेवा. खिडकीवाला एडिटर रूट म्हणून चालवला की त्याच्या सेटिंग्जच्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊ शकतात, आणि मग तोच एडिटर साध्या वापरकर्त्याला सेटिंग्ज सेव्ह करू देत नाही. तसं झालंच असेल तर घरच्या ‘.कॉन्फिग’ फोल्डरमधल्या त्या एडिटरच्या फोल्डरवर ‘चओन -आर’ चालवून मालकी परत घ्या.